बोलावणारा गेल्यास

आमच्या खेळातले वाहनाचे नियम भाऊजींनी लिहिले. लिहिले म्हणजे इंग्रजी पुस्तकातून मराठीत उतरवले, कारण इंग्रजी वाचून खेळायचं म्हटलं की ताईला आणि माझ्या बायकोला परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. वाहन म्हणजे स्कूटर-मोटार नव्हे. वाहन म्हणजे मंत्र म्हणून बोलावलेलं जनावर, ज्याच्या पाठीवर बसून लढाईला जायचं. भाऊजींना दुसरा शब्द सुचला नाही आणि आम्हालाही सुचला नाही, त्यामुळे ‘वाहन कुठे लावलंस?’ आणि ‘वाहनाचा विमा आहे का?’ हे विनोद आम्ही इतक्या वेळा केले की शेवटी कोणी हसेनासं झालं.

खेळ साधा आहे, निदान नवख्यांना मी तसं सांगतो. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो: समोर किल्ला आहे, दारावर पहारा आहे, काय करता? बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. फाशांवरून भांडण झालं तर सूत्रधार ठरवतो. सूत्रधार मी, कारण दुकान माझं आणि तोंडही माझंच जास्त चालतं.

दुकान चष्म्याचं. आठवड्याच्या सुट्टीला दुपारी शटर अर्धं ओढून घ्यायचं आणि काउंटरच्या काचेवर पुठ्ठ्याचा नकाशा पसरायचा, असा आमचा शिरस्ता. डोळे तपासायच्या खुर्चीवर ताई बसायची, तिच्या उजव्या हाताला स्टुलावर भाऊजी. सोंगट्या विकतच्या नव्हत्या, ज्याच्या धंद्यात जे सापडलं ते त्यानं आणलेलं. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून त्यांचा सरदार म्हणजे लिफ्टचं एक जुनं बटण होतं, वर जायच्या बाणाचं. बायको शिवणकाम करते, तिची तिरंदाज म्हणजे बॉबिन. ताईची वैदीण म्हणजे डोळ्यांच्या थेंबांची रिकामी बाटली. आणि सरदाराचा पंखवाला घोडा, पाखऱ्या, म्हणजे लहान मुलाच्या चष्म्याची काचा नसलेली फ्रेम, दोन्ही काड्या पंखांसारख्या उघडलेल्या. उडत असला की तो पालथ्या पेल्यावर ठेवायचा.

चौथा खेळाडू वकील. तो वकील नाही. शेजारच्या गाळ्यात त्याचं औषधांचं दुकान आहे, पण नियमाचा कीस काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, म्हणून ते नाव. बोलावलेलं वाहन खात नाही, पीत नाही, लीद टाकत नाही. घाव बसून ताकद संपली तर ते मरत नाही, धूर होऊन जातं, आणि दुसऱ्या दिवशी हाक मारली की तेच पुन्हा येतं. पाठीवर कोणीही बसावं, पण ते ऐकतं फक्त बोलावणाऱ्याचं. दर पाळीला बोलावणाऱ्यानं ‘आहे’ म्हणायचं, म्हणजे ते टिकतं. एवढ्या नियमांवर वकिलानं आमच्या कित्येक दुपारी खाल्ल्या. पाखऱ्याला खंदकावर आडवं झोपवून त्याचा पूल करायचा घाट त्यानं एकदा घातला. पाखऱ्याची पिसं उपटून उशी भरली, तर पाखऱ्या नाहीसा झाल्यावर उशीचं काय होईल, हा त्याचाच प्रश्न. मी त्याला तेव्हा हाकलूनच देणार होतो.

आणि शेवटचा नियम: बोलावणारा गेल्यास वाहन नाहीसे होते.

या एका ओळीवरून मोठा तंटा झाला होता. वकिलाचा चोर पाखऱ्यावर बसून एका विहिरीवरून चालला होता, आणि तेवढ्यात भाऊजी म्हणाले, सरदार पलीकडच्या दालनात जातो. मी म्हटलं, बोलावणारा गेला, वाहन नाहीसं. चोर धाडकन विहिरीत.

“अहो, गेल्यास म्हणजे मेल्यास!” वकील स्टुलावरून उठलाच.

पुढच्या खेपेला तो इंग्रजी पुस्तक घेऊन आला आणि ओळीवर बोट ठेवून बसला. पुस्तकात मरणंच होतं. माझा धंदा चष्म्याचा आहे, मला वाचता येतं. पण दिलेला निकाल फिरवला तर माझ्याच दुकानात मला कोण विचारणार? मी म्हटलं, आपल्या नियमात ‘गेल्यास’ लिहिलंय आणि गेला म्हणजे गेला, मग तो वर जावो नाहीतर बाजूच्या खोलीत. वकील माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

“तुम्ही सरळ ‘मेल्यास’ का नाही लिहिलंत?” बायकोनं भाऊजींना विचारलं.

“हात धजत नाही हो,” ते म्हणाले. “आमच्याकडे तो शब्द कोणी काढत नाही. मोटर गेली म्हणतो, ब्रेक गेला म्हणतो. वरती माणसं अडकलेली असतात, त्यांना ऐकू जातं.”

भाऊजी असे होते. मोठ्यानं बोलायचे नाहीत, कुणाला लागेल असा शब्द काढायचे नाहीत, ताटात काय पडलंय त्याबद्दल तक्रार नाही. अशा माणसाबरोबर राहणं सोपं असतं, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. अशा माणसाच्या मनात काय चाललंय ते शेजारी बसूनही कळत नाही.

शेवटच्या खेळात किल्ला पेटला होता. मागून शत्रू, पुढे दरी, दरीवरचा पूल तुटलेला. भाऊजींनी पाखऱ्याला बोलावलं, त्याच्यावर ताईच्या वैदिणीला बसवलं आणि स्वतः सरदार बुरुजावरच थांबला. बाटली फ्रेमवर ठेवून दोन्ही पेल्यावर, पेला दरीच्या मधोमध. आणि भाऊजी मला म्हणाले, “सूत्रधारसाहेब, तो नियम एकदा नीट ठरवून टाकू या. मी गेलो, म्हणजे मेलो नाही, नुसता निघून गेलो, तर हा हिला पलीकडे पोचवेल ना?”

तो शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढ्याच वेळी ऐकला. तेव्हा लक्षात आलं नाही.

“इतकी वर्षं वकिलाला विहिरीत पाडलं, आता तुमच्या बायकोसाठी नियम बदलू?” मी म्हटलं. सगळे हसले. वकील सर्वांत जास्त. तेवढ्यात ताईनं घड्याळ बघितलं, मी म्हटलं पुढच्या वेळी निकाल देतो, आणि आम्ही उठलो. त्याच आठवड्यात भाऊजी सकाळी कामाला म्हणून गेले, ते आलेच नाहीत.

कामावरही पोचले नव्हते. स्कूटर बस स्टँडच्या पार्किंगमध्ये सापडली, कुलूप लावलेली, हेल्मेट हूकला अडकवलेलं. डिकीत हत्यारांची पिशवी, प्रत्येक पाना पुसून आपापल्या कप्प्यात. फोन बंद. घरात भांडण नाही, चिठ्ठी नाही, आजारपण नाही. पोलिसांनी विचारायचं ते सगळं विचारलं, त्यातलं काही मोठ्या बहिणीसमोर ऐकायला नको असं होतं, आणि ताईनं सगळ्याला एकच उत्तर दिलं: “मला माहीत नाही.” रोज सकाळी चहा त्याच भांड्यात, तेवढाच टाकते म्हणाली. कमी टाकायला हात होत नाही.

दुकान उघडायचं म्हणून काउंटर तर रिकामा करायलाच हवा होता. मी नकाशा सोंगट्यांसकट उचलला आणि पेला न हलवता काचांच्या कपाटावर ठेवून दिला. गिऱ्हाईक तपासणीच्या खुर्चीवर बसलं आणि हनुवटी वर केली की त्याला तो दिसायचा. एका म्हातारबुवांनी विचारलंही, हे काय ठेवलंय? मी म्हटलं, खालची ओळ वाचा.

मधे एक थंडी गेली, एक उन्हाळा गेला. अधूनमधून पोलिसांचा फोन यायचा. अमुक ठिकाणी एक प्रेत मिळालंय, वर्णन जुळतंय, ओळखायला या. मी आणि ताई जायचो. लांबलचक कॉरिडॉर, फरशीवर फिनेल, शेवटी एक दार. तिथला माणूस चादर वर करायचा आणि ताई पुढे होऊन बघायची. मी दर वेळी भिंतीकडे तोंड करायचो, मला ते जमत नाही. “हे नाहीत,” ती म्हणायची. मग आम्ही बाहेर येऊन बाकावर बसायचो, आणि ती सुटल्यासारखी दिसायच्या ऐवजी आणखी खचलेली दिसायची. मला त्याचा अर्थ लागत नव्हता. मी आपला म्हणायचो, “चला, नाहीत ना, बरं झालं.” ती माझ्याकडे बघायची.

मग स्कूटरचं प्रकरण आलं. पोलीस ठाण्याच्या आवारात ती गंजत पडली होती, आवार रिकामं करायचं होतं, वाहन घेऊन जा असा निरोप आला. आम्ही गेलो. टेबलामागच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “वाहन कुणाच्या नावावर?”

“ह्यांच्या,” ताई म्हणाली.

“मग त्यांना पाठवा. मालकाच्या सहीशिवाय वाहन सोडता येत नाही.”

“ते गेलेत.”

कारकुनानं मान वर केली आणि आवाज जरा मऊ केला. “असं होय. मग दाखला जोडा, काही अडचण नाही.”

“तसे नाही गेलेत.”

“मग कसे गेलेत?”

ताई उभीच राहिली. मागे रांग होती. कारकून वाईट माणूस नव्हता, त्यानं कागद तिच्याकडे वळवून बोट ठेवलं. “हे बघा बाई, इथं लिहावं लागतं. वाहनमालक हयात आहे किंवा नाही. दोनपैकी एक खोडा. तिसरं काही छापलेलं नाही.” ताईनं पेन उचललं, कागदावर टेकवलं, आणि पुन्हा खाली ठेवलं. आम्ही स्कूटर न घेताच निघालो. मला त्या कारकुनाचा राग यायला हवा होता, पण मला राग आला भाऊजींचा. असा आला की कानशिलं तापली. मेला असेल तर मेलेल्यावर रागावतोय, जिवंत असेल तर समोर नसलेल्यावर, पण राग काही हिशेब करून येत नाही.

रस्त्यात ताई म्हणाली, “सुट्टीच्या दिवशी खेळायचं. दोघांना सांग.”

“ताई, कशाला आता…”

“सांग म्हटलं ना.”

बायकोनं दोन दिवस माझं डोकं खाल्लं. ताईंना जपून घे. निकालबिकाल काही देऊ नकोस. पाखऱ्या उडाला, वैदीण पलीकडे पोचली, संपलं. एवढं तरी तुझ्या हातात आहे ना? मी म्हटलं, आहे. आणि खरंच तसंच ठरवलं होतं. नियम गेला खड्ड्यात.

त्या दुपारी मी नकाशा कपाटावरून उतरवला. फडक्यानं धूळ पुसली, पेला सोडून. ताई खुर्चीवर बसली. भाऊजींचं स्टूल मी आत ठेवलं होतं, ते तिनं उठून आणलं आणि उजव्या हाताला ठेवलं. वकील आला, बसला, आणि त्या दिवशी त्यानं पिशवीतून पुस्तक बाहेर काढलं नाही.

मी सुरुवात केली. “तर, किल्ला पेटलाय. वैदीण पाखऱ्यावर, दरीच्या मधोमध. पाखऱ्या पंख मारतो आणि पलीकडच्या कड्यावर—”

“थांब,” ताई म्हणाली. “त्या दिवशी ह्यांनी काहीतरी विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस.”

“अहो ताई, जाऊ द्या ना,” बायको म्हणाली. “उडतोय तो. पोचलात तुम्ही.”

“मला पोचवू नकोस. मला नियम सांग. गेल्यास म्हणजे काय?”

मी वकिलाकडे बघितलं, जसा काही तो मला वाचवणार होता. तो नकाशाकडे बघत हळूहळू बोलू लागला, आणि एकदा बोलू लागला की त्याला थांबता येत नाही, हा त्याचा दोष आहे. “म्हणजे बघा, आपला जुना निकाल धरला तर सरदार निघून गेला काय नि मेला काय, पाखऱ्या नाहीसाच होतो. त्यातून काहीच कळत नाही. पण पुस्तकातला अर्थ धरला, मेल्यास, तर मग पाखऱ्या असेल तर सरदार जिवंत आहे. कुठंतरी गेला असेल, पण आहे. आणि पाखऱ्या नसेल तर…”

काउंटरखाली बायकोनं त्याला लाथ मारली. ती माझ्याही नडगीला लागली.

“मारू नकोस त्यांना,” ताई म्हणाली. “बरोबर बोलतायत. मी घरी बसून हाच विचार केला. पडले तर ते नाहीत. पोचले तर ते आहेत, आणि मला सोडून गेलेत.”

बाहेर कोणीतरी शटर वाजवलं, चष्मा मिळेल का म्हणून, आणि उत्तर न मिळाल्यावर निघून गेलं.

“तुला वाटतं, मी त्या चादरीखाली बघते तेव्हा ‘ते नसू देत’ म्हणते,” ती माझ्याकडे वळून म्हणाली. “मी तसं म्हणत नाही. चादर उचलायच्या आधी दर वेळी मी म्हणते, हेच असू देत. अपघात होऊ दे, कुणी मारलेलं असू दे, काहीही असू दे. म्हणजे त्यांना यायचं होतं आणि येता आलं नाही, असं होईल. मग चादर वर होते, दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा असतो, आणि मला वाटतं, मी काय मागत होते? मी त्यांचं मरण मागत होते. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचं.”

बायको रडायला लागली. मला तिच्या जागी जाऊन रडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी सूत्रधार होतो आणि ताई माझ्याकडे बघत होती. लहानपणी मी पाढे चुकलो की ती अशीच बघायची, रागानं नव्हे, उत्तर येईपर्यंत.

मी तिला खोटं सांगू शकत होतो. जुना निकाल कायम म्हणून मोकळा होऊ शकत होतो: गेला म्हणजे गेला, वैदीण पडली, फासे टाका, चार हाडं मोडली, पुढे चला. पण मग ती तशीच राहिली असती, त्या कागदावर पेन टेकवून, तिसरं काही छापलेलं नाही म्हणून.

“मेल्यास,” मी म्हणालो. “गेल्यास म्हणजे मेल्यास. निकाल फिरवतो.”

वकिलानं आयुष्यभर याच शब्दाची वाट बघितली होती. त्यानं मान खाली घातली.

“मग आता सांग,” ताई म्हणाली. “पाखऱ्या आहे की नाही?”

“ते मी नाही सांगू शकत. ते बोलावणाऱ्यानं सांगायचं असतं. त्यानं पाळीला ‘आहे’ म्हटलं तर आहे.”

“आणि तो इथं नसला तर?”

तेही ठरलेलंच होतं. खेळ ऐन रंगात असताना भाऊजींना फोन यायचा, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय, की ते पिशवी उचलून निघायचे. मग सरदाराची पाळी ताई खेळायची. त्यांचे फासे तीच टाकायची, आणि त्यांच्यापेक्षा बरे टाकायची.

“तर तुझी पाळी,” मी म्हणालो.

ताईनं हात पुढे केला आणि पालथ्या पेल्यावरच्या फ्रेमच्या दोन्ही काड्या बोटांनी धरल्या. उचलायचीच बाकी होती. उचलली असती तर बाटली आपोआप पडली असती, आणि तिला जे दर वेळी चादरीपाशी हवं होतं ते मिळालं असतं. निदान आमच्या दुकानात मिळालं असतं. मी मनातून म्हणत होतो, उचल. संपव. विधवा हो, रड, आम्ही आहोत. आपल्या बहिणीसाठी माणूस असं मागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिनं हात काढून घेतला.

“आहे,” ती म्हणाली.

तिनं परत म्हटलं. “आहे. पाखऱ्या आहे. मेले असं माझ्या तोंडून निघत नाही. मनात शंभरदा म्हटलं, तोंडानं म्हणवत नाही. मला सोडून गेले असतील तर गेले असतील. माझं काय व्हायचं ते होईल. पण असू देत कुठंतरी.”

“ताई, असतीलच हो, येतीलही,” बायको नाक पुसत म्हणाली.

“नाही,” ताई म्हणाली. “असतील. येणार नाहीत.”

मी गोष्ट पुढे सांगितली, कारण मला तेवढंच येतं. पाखऱ्यानं पंख मारले. खालून धूर येत होता. पलीकडचा कडा आला, पाय टेकले, वैदीण उतरली. ताईनं बाटली स्वतःच्या हातानं नकाशाच्या पलीकडच्या कडेला ठेवली. वकिलाचा चोर आणि बायकोची तिरंदाज दोरावरून कधीच पोचले होते, ते तिच्या बाजूला होते. अलीकडे, जळत्या बुरुजावर, लिफ्टचं बटण तेवढं एकटं उरलं होतं.

पाळी त्याचीच होती. मी तिथंच खेळ थांबवू शकलो असतो. बायको डोळ्यांनी तेच सांगत होती.

“सरदार काय करतो?” मी विचारलं.

ताई त्या बटणाकडे बघत बसली. सरदाराला ती नेहमी अरे-तुरे करायची, अरे सरदारा, गाढवा, ढाल कोण धरणार? घरी नवऱ्याला अहो म्हणायचं, ते खेळात भरून काढायची, आणि भाऊजींना त्याची मजा वाटायची. आता ती बोलू लागली ती मोजून, जणू समोर घडतंय आणि आम्हाला दिसत नाहीये.

“सरदार बघतायत,” ती म्हणाली. “पाखऱ्या टेकला, मी उतरले, ते बघतात. नीट पोचले का ते बघतात. मग तलवार पुसतात. म्यानात ठेवतात. हेल्मेट काढून भिंतीवर ठेवतात.”

शिरस्त्राण म्हणायचं होतं तिला. कोणी चूक काढली नाही, वकिलानंही नाही.

“मग?”

“मग जिन्यानं खाली उतरतात. मागच्या बाजूला एक लहान दार आहे.”

तिथं दार नव्हतं. नकाशा माझा, मला माहीत होतं, तिथं सलग भिंत होती. “आहे,” मी म्हणालो.

“त्या दारानं बाहेर पडतात. तिथं रस्ता आहे.”

“वळून बघतात?”

“एकदा,” ती म्हणाली.

पात्र कुठूनही निघालं की सूत्रधारानं एक प्रश्न विचारायचा असतो. मी तो हजार वेळा विचारला असेन, सवयीनं, पुढच्या पाळीचे फासे गोळा करता करता. आत्ता तो विचारावा की नाही ते मला कळेना. तिच्या हातात होतं, ती त्यांच्या तोंडी काहीही घालू शकत होती. माफ कर म्हणाले असते. सांभाळून राहा म्हणाले असते. का जातोय ते सांगितलं असतं. आम्ही तिघांनीही ते खरं मानलं असतं, आणि कदाचित तिनंही.

“जाताना काही बोलतात का?” मी विचारलं.

ताईनं बटण उचललं, बाण वर होता तो तळव्यात झाकला, आणि मूठ मिटली.

“नाही,” ती म्हणाली. “काही बोलत नाहीत. जातात.”